मोर्चाच्या दिवशी टाकीत

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आम्ही वरच्या मुरमाड माळावर नव्या गावठाणात आलो. तेव्हा ग्रामपंचायतीनं मला पाण्याच्या टाकीवर ठेवलं. कागदावर पाणीपुरवठा कर्मचारी, गावाच्या तोंडी टाकीवाला. मोटार चालू करायची, टाकी भरली की बंद करायची, सकाळ-संध्याकाळ एकेका गल्लीचा वॉल उघडायचा, पाइप फुटला तर खड्डा खणून जोडायचा. आणि दर तीन महिन्यांनी टाकी रिकामी करून आत उतरायचं, तळ आणि भिंती घासायच्या, बिलिचिंग पावडर मारून धुवायच्या.

हे शेवटचं काम दोघांनी करावं असा नियम होता. एकानं आत उतरायचं, दुसऱ्यानं वर झाकणाशी उभं राहायचं. मी पंचायतीत दोनदा सांगून पाहिलं. "माणूस कुठून आणू?" एवढंच उत्तर मिळालं, आणि ते खोटंही नव्हतं. नव्या गावात माणूस टिकत नव्हता. धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, गेली, नदी लांब गेली; तरणी माणसं नागपूरला, हैदराबादला कामाला निघून गेली. आमच्या गल्लीत संध्याकाळी मोजून चार घरांत दिवा लागायचा.

त्या चारांतलं एक माझं. बायको नव्या गावात आल्यावर दुसऱ्याच वर्षी काविळीनं गेली. मुलगी लग्न होऊन नागपूरला. तिथं एका दवाखान्यात कामाला. दर रविवारी तिचा फोन यायचा. बाकीचे सहा दिवस मी मोटारीशी आणि वॉलशी बोलायचो. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच बोलायचो. वॉल जड गेला की त्याला चार शब्द सुनवायचो, मोटारीनं पाणी लवकर ओढलं की "शाब्बास" म्हणायचो. माणसाचा आवाज आपल्याच गळ्यातून आला तरी घराला बरं वाटतं.

ते मे महिन्यातलं. गावाचा मोर्चा भंडाऱ्याला कलेक्टर ऑफिसवर निघाला होता. नव्या गावाला पक्का रस्ता, नाल्या, दवाखाना देऊ असं सांगून आणलं होतं, आणि आता कोणी दाद देत नव्हतं. सकाळी सातलाच दोन ट्रक भरले. बाया, माणसं, कडेवरची पोरं, सगळे. मीही चढणार होतो, पण सरपंचबाईंनी ट्रकमधूनच हात केला.

"भाऊ, तुमी राहा. दिवसभर उन्हात राहून आमी येऊ, तं नळाले पानी पाह्यजे."

मी राहिलो. ट्रक वळले, धूळ खाली बसली आणि गाव एकदम इतकं गप्प झालं की शेवटच्या गल्लीतली कोंबडी ऐकू यायला लागली. मागं उरले होते ते म्हातारे, आणि त्यांतलेही बहुतेक घरात दार लोटून पडलेले.

टाकी धुवायला हाच दिवस बरा, असं माझ्या मनानं घेतलं. कोणाला पाणी लागणार नव्हतं. विजेची लाइन गेलेली होती. दुपारी यायची होती. ती आली की भरून ठेवू, असा हिशेब. शर्ट काढून पंपघरातल्या खिळ्याला अडकवला. मोबाइल त्याच शर्टाच्या खिशात. मागच्या वर्षी एक मोबाइल टाकीत पडला होता, तेव्हापासून मी तो वर नेत नसे. टाकीच्या पायथ्याचा, गाळाचं पाणी सोडायचा वॉल उघडला. उरलंसुरलं पाणी वाहून गेलं. गावाकडं जाणारा वॉल बंद केला. स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला होता, म्हणजे लाइन आली की मोटार आपोआप चालू होते. तो काढून ठेवायला हवा होता. मी काढला नाही. दोन तासांचं काम, लाइन यायच्या आत आपण वर येऊ, असं वाटलं. दोष द्यायचा तर तो माझाच आहे, हे आधीच सांगतो.

बाहेरचा जिना सिमेंटचा, गोल फिरत वर जाणारा. वर छताला दोन हात रुंद चौकोनी भोक, त्याला लोखंडी झाकण. आत लोखंडी शिडी. बांबूच्या दांड्याचा ब्रश, एक प्लास्टिकची बकेट, त्यात पावडर, डोक्याला सुती दुपट्टा, एवढं घेऊन मी उतरलो. घासलं, पावडर मारली, पुन्हा घासलं. आत बिलिचिंगचा वास डोळ्यांत जातो, घशात बसतो, पण त्याची सवय होती. काम छान झालं. भिंत अशी गुळगुळीत झाली की हात फिरवून पाहिला.

मग बकेट हातात घेऊन वर चढायला लागलो. पाचव्या की सहाव्या पायरीवर डाव्या बाजूच्या पट्टीनं कट्कन आवाज केला. मी वर पाहिलं तेव्हा शिडी माझ्यासकट भिंतीपासून सुटत होती.

खाली पडलो तो उजव्या पायावर. आवाज आधी आला, कळ नंतर. शिडीचा खालचा मोठा भाग माझ्या अंगावर पडला, बकेट घरंगळत पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली, आणि मग सगळं थांबलं. घोट्याला हात लावला तर तो जिथं असायला हवा तिथं नव्हता.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. वर भोकातून उन्हाचा एक चौकोन आत पडला होता, समोरच्या भिंतीवर, दरवाजाएवढा. त्या चौकोनाबाहेर अंधार. वरच्या काठाला शिडीच्या तीन पायऱ्या अजून लटकत होत्या. भिंतीला धरून एका पायावर उभा राहिलो, हात वर केला. माझी बोटं आणि सगळ्यात खालची पायरी यांच्यात दीड हाताचं अंतर होतं.

दीड हात म्हणजे काहीच नाही. पाय धड असता तर उडी मारून धरली असती.

ओरडलो. टाकीत ओरडलं की काय होतं ते मला माहीत होतं, कधीकधी मजेनं गाणी म्हणायचो मी तिथं. आवाज गोल फिरतो, आपल्याच अंगावर परत येतो. पण भोकातून बाहेर काय जातं हे मी कधी बाहेर उभं राहून ऐकलं नव्हतं. ओरडत राहिलो, घसा बसेपर्यंत. मग तुटलेली शिडी भिंतीला टेकवून तिच्यावर चढायचं पाहिलं. लोखंड आतून खाल्लेलं, पापुद्रे सुटलेले. दुसऱ्या पायरीवर वजन टाकलं तशी ती मधून वाकली आणि मी पुन्हा खाली आलो. या वेळी कोपर फुटलं. रक्त मी घासलेल्या पांढऱ्या तळावर पडलं आणि मला पहिला विचार आला तो असा की आता पुन्हा धुवावं लागणार.

तिसरा उपाय दुपट्ट्याचा. बांबूच्या टोकाला दुपट्टा अडकवला आणि पायरीवरून पलीकडं टाकायचा प्रयत्न केला. किती वेळा टाकला कुणास ठाऊक. शेवटी एकदा पलीकडं गेला, बांबूनं ओढून दोन्ही टोकं हातात घेतली. त्या क्षणी मी हसलो होतो, चांगलं आठवतं. मग दोन्ही टोकं मनगटांना गुंडाळून स्वतःला वर ओढलं. पन्नाशी उलटलेला माणूस, एका पायाचा. गुडघाभर उचललो गेलो असेन. वरून गंज डोळ्यांत पडला, दुपट्टा मधोमध फाटला, आणि अर्धाअर्धा तुकडा दोन्ही हातांत घेऊन मी खाली बसलो.

त्यानंतर मी काही केलं नाही. उन्हाचा चौकोन भिंतीवरून उतरून तळावर आला होता. म्हणजे डोक्यावर ऊन, बाराचा सुमार. आत भट्टीसारखं झालं होतं. बसल्याबसल्या मी विचार करायला लागलो की आपल्याला कोण शोधेल.

हा विचार मी शांतपणे केला. मुलीचा फोन रविवारी, आणि तो दिवस होता मंगळवार. रविवारी मी उचलला नाही तर ती म्हणेल, बाबा मोटारीवर असतील. शेजारचे दोघे नवरा-बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेले. गाव संध्याकाळी परत येईल, नळ उघडेल, पाणी नाही. म्हणतील, लाइन नसेल. म्हणतील, हा कुठं तरी जाऊन बसला असेल. फोन करतील, फोन पंपघरात खिळ्यावर वाजेल. मग थकलेली माणसं हातपंपावर जातील आणि झोपतील. सकाळी? सकाळी कदाचित कोणी टाकीकडं येईल. वर चढून भोकातून डोकावेल का, हे मला सांगता येईना. गावातल्या एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहिला, हा येईल का, ती येईल का. कोणीच माझं वाईट चिंतणारं नव्हतं. पण आज हा माणूस दिसला नाही, हे ज्याच्या ध्यानात येईल असंही कोणी सापडेना. पाय दुखत होता, त्याहून ते जास्त लागलं.

तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली. मी ओळखली. लाइन आली होती. ऑटो स्विचनं मोटार उचलली होती.

पाइप बाहेरून वर येऊन छताजवळ आत वळत होता. आधी हवा आली, मग तांबूस पाण्याची गुळणी, मग जाड धार. ती तळावर आदळली तेव्हा त्या आवाजानं मी कान झाकले. पण तळातलं गाळाचं भोक उघडंच होतं. पाणी माझ्या पायांवरून वाहत त्या भोकाकडं गेलं आणि खाली निघून जायला लागलं. थंड वाटलं. ओंजळीनं प्यायलो, डोळे धुतले, रक्त धुतलं. टाकी काही भरणार नव्हती. जीवाला धोका नव्हता.

थोड्या वेळानं छताच्या भोकातून एक आवाज आला. अगदी बारीक, खालून, जमिनीवरून.

"कोन हाय गा वरतं? पानी वाया जाऊन राहिलं ना!"

शेवटच्या गल्लीतली म्हातारी. शेळ्या घेऊन ती टाकीच्या सावलीला यायची. पायथ्याच्या वॉलमधून पाण्याचा लोट वाहताना तिनं पाहिला असणार.

मी जीव तोडून ओरडलो, "आजी! मी आत पडलो! पाय मोडला! कोनाले बोलाव!"

धारेच्या आवाजात आणि त्या घुमण्यात माझ्या शब्दांचं काय झालं असेल ते देव जाणे.

"काय म्हन्तं?"

"मी आत आहो! माणूस बोलाव, माणूस!"

मग ती म्हणाली, "हाव हाव. पन बंद कर ना बाप्पा. बेजा पानी चाललं."

पुन्हा ओरडलो. पुन्हा ओरडलो. उत्तर आलं नाही. शेळीच्या गळ्यातली घंटा लांब जाताना ऐकू आली, की तसा भास झाला, सांगता येत नाही.

ती गेल्यावर मी रडलो. आईच्या मरणाला रडलो नव्हतो तितका. आणि रडता रडताच त्या गाळाच्या भोकाकडं माझं लक्ष गेलं. चार इंची भोक. ते बुजवलं तर टाकी भरेल. टाकी भरली तर मी वर येईन.

मी वैनगंगेच्या काठचा. कंबरेला वाळलेल्या भोपळ्यांचे तुंबे बांधून आम्ही लहानपणी नदीत पडायचो, नंतर तुंब्यांवाचून. पाण्याची भीती नव्हती. भीती दुसरीच होती. लाइन मध्येच गेली तर? पाणी डोक्याच्या वर आणि पायरीच्या खाली, असं कुठं तरी थांबलं तर? मग धरायला काही नाही, टेकायला पाय नाही. आतून भोक पुन्हा मोकळं करायला बुडी मारावी लागेल, आणि पाण्याच्या दाबानं बसलेला बोळा हातानं निघत नसतो. तसाच बसून राहिलो असतो तर मरणार नव्हतो, निदान त्या दिवशी तरी. हे सगळं मला कळत होतं. तरी मी ब्रशला दुपट्ट्याचे तुकडे आणि अंगातली बनियन गुंडाळली, बोळा भोकात कोंबला, बांबू धरून वजन टाकून टाकून बसवला. आपल्यासाठी कोणी येणार आहे असं ज्याला वाटतं, तो हे करत नाही.

खाली पायथ्याशी पाणी थांबलं. म्हातारीनं ते लांबून पाहिलं असेल तर मला चांगला म्हटलं असेल.

पाणी हळू चढतं. घोटे, पोटऱ्या, गुडघे. रिकामी टाकी भरायला पाच तास लागतात, ते पाच तास मी आजवर पंपघरात विड्या ओढत काढले होते. आता अंगावर मोजत होतो. पाणी मांड्यांपर्यंत आलं तसा पायाचा भार हलका झाला, कळ कमी झाली. कंबर. उन्हाचा चौकोन मागच्या भिंतीवर चढला. छाती. बकेट तरंगत माझ्याजवळ आली, मी तिची कडी धरली. मी मुलीशी बोलायला लागलो. तिला सांगायला लागलो की कपाटातल्या डब्यात तुझ्या आईची जोडवी आहेत. मग वाटलं, असं बोलू नये, आणि तिला लहानपणची गोष्ट सांगायला लागलो, आम्ही दोघं डोंग्यातून नदीपल्याड तिच्या मावशीकडं गेलो होतो त्याची. ती गोष्ट मी पहिल्यांदाच पूर्ण सांगितली असेन.

गळा. मग हनुवटी. मग माझा चांगला पाय तळापासून सुटला.

आणि लाइन गेली.

धार बारीक झाली, तुटली, थेंब पडले. मग असा सन्नाटा की माझ्या श्वासाचा आवाज चारी बाजूंनी मलाच ऐकू येत होता. वर पाहिलं. पायरी अजून हातभर लांब.

सुरुवातीला मी घाबरून हातपाय मारले. ती चूक होती. मोडका पाय मारला की डोळ्यांपुढं पांढरं व्हायचं, नाकातोंडात पाणी जायचं. मग तुंबे आठवले. बकेट उपडी केली, आत हवा राहील अशी सरळ पाण्यात दाबली आणि तिच्यावर छाती टाकली. ती घसरायची, तिरकी व्हायची, बुडबुडा सोडायची. पुन्हा उचलायची, झटकायची, पुन्हा उपडी घालायची. असं किती वेळ चाललं? मला तो एक दिवस वाटला. नंतर हिशेब केला तर तास-सव्वा तास असेल.

त्या वेळात मी काय विचार केला, असं मला नंतर एकानं विचारलं. मोठे विचार आले नाहीत. एकच विचार येत राहिला. मी बुडालो तर उद्या कोणी तरी गावाकडचा वॉल उघडेल, आणि माझ्यासकटचं हे पाणी घराघरांत जाईल. लोक वरणाला लावतील, लेकरांना पाजतील. ते सहन होईना. बकेटीवर छाती टाकून मी त्यासाठी तगलो म्हटलं तरी चालेल. जगण्यासाठी माणूस कशाचा आधार घेईल सांगता येत नाही.

घरघर पुन्हा झाली तेव्हा मला ती खरी वाटली नाही. धार अंगावर आली तेव्हा कळलं.

मग मी घाई केली नाही. पायरीला बोटं लागली तरी लटकलो नाही. गंजकं लोखंड माझं सगळं वजन घेणार नाही हे मी शिकलो होतो. नुसता हात टेकवून राहिलो, पाण्याला वर उचलू दिलं. पहिली पायरी पाण्यात गेली. दुसरी खांद्याशी आली. तेव्हा गुडघा पहिलीवर टेकवला, हात काठावर टाकले, पोट काठाशी घासत स्वतःला बाहेर ओढलं. पायरी वाकली, पण तुटली नाही.

छत तापलेलं होतं. मी त्याच्यावर उघडा पालथा पडलो, गाल भाजत होता आणि मला तो काढावासा वाटत नव्हता. डोकं उचललं तेव्हा खाली सगळं नवं गाव दिसलं, सारख्या आकाराची पत्र्याची घरं, रिकाम्या गल्ल्या. पलीकडं धरणाचं पाणी, त्यातून वर आलेली वाळकी झाडं. एकही माणूस नाही. मला हाक मारावीशी वाटली. कोणाला मारायची ते सुचेना.

जिना बसूनबसून उतरलो, एकेक पायरी. पंपघरात जाऊन मोटार बंद केली. मोबाइल पाहिला. कोणाचाही फोन आलेला नव्हता.

ट्रक आले तेव्हा सूर्य टेकला होता. तोवर मी बाहेरचा, गाळाचा वॉल बंद केला होता. तसं केलं की आत दाब सारखा होतो, बोळा सैल पडतो. बांबू पाण्यावर येऊ पाहतो आणि ब्रशला ओढून काढतो. थोडं थांबून वॉल पुन्हा उघडला, आणि टाकीतलं सगळं पाणी बाहेर सोडून दिलं. लोक ट्रकमधून उतरले ते घागरी घेऊन तिथंच आले, आणि त्यांनी पाहिलं की मी बसलो आहे आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी मातीत चाललं आहे.

"काय करून राहिला गा तू? पागल झाला का?"

"दिवसभर उन्हात मेलो आमी. कलेक्टर भेटला नाई, आता पानीबी नाई?"

सरपंचबाई पुढं आल्या. "भाऊ, काहून सोडता पानी?"

मी सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण जुन्या गावात आमच्या मोहल्ल्याची विहीर वेगळी होती. आजानं दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, शिकलो, नोकऱ्या केल्या, तरी गाव बुडेपर्यंत गावात विहिरी दोनच राहिल्या. कोणी भांडत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं, पण दोन होत्या. नव्या गावात सगळ्यांची मिळून एक टाकी आली आणि तिची किल्ली माझ्या हातात आली. त्या टाकीतल्या पाण्यात मी दिवसभर होतो, रक्ताचा, घामाचा, आणि खरं सांगायचं तर मुताचाही. कोणाही माणसाचं असतं तरी ते पाणी मी सोडूनच दिलं असतं. पण मी तोंडानं सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याच्या मनात कोणती विहीर आली असती, हे मला त्या वेळी पाहायचं नव्हतं.

"बिलिचिंग जास्त झाली," मी म्हणालो. "प्यायचं नाही ते."

शिव्या खाल्ल्या. लोक हातपंपावर गेले. मी बसल्या जागी बसून होतो, पाय एका पोत्याखाली झाकून, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. अंधार पडल्यावर सरपटत घरी गेलो.

सकाळी सरपंचबाई स्वतः दाराशी आल्या, पाणी कधी सोडता हे विचारायला. मी उठलो नाही म्हणून आत आल्या, आणि पाय पाहून तिथंच भिंतीला टेकल्या. मग मी सगळं सांगितलं. पाणी का सोडलं तेही.

"आमी आलोच असतो ना भाऊ शोधाले," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडं न पाहता, "आलो नसतो का?"

त्यांनीच पवनीच्या दवाखान्यात नेलं, दिवसभर बाकावर बसून राहिल्या. दीड महिना प्लास्टर. मुलगी येऊन पंधरा दिवस राहिली; "नागपूरले चला" म्हणत रोज भांडायची. गेलो नाही. पाय जरा तिरकाच बसला, अजून थंडीत बोलतो.

पंचायतीनं नवी अॅल्युमिनियमची शिडी लावली, आणि टाकी धुताना वर झाकणाशी थांबायला दुसरा माणूस ठरवला. माझ्याच वयाचा, धानाची शेती बुडालेला, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. पाय बरा होऊन दिवाळीनंतर माझी पहिल्यांदा उतरायची वेळ आली तेव्हा चार पायऱ्या उतरून माझे हात शिडीला चिकटले. खाली तळ दिसत होता आणि पाय हलेना.

"काय झालं?" त्यानं वरून विचारलं.

"काही नाही. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीपण. थांबू नको फक्त."

तो घुटमळला. खाकरला. मग भोकाच्या काठावर बसून, कोणाला तरी गुपित सांगावं तशा आवाजात, घरी आज बायकोनं लाखोरीच्या डाळीचे वडे केलेत, तेल कसं कमी पडलं, म्हशीनं सकाळी दूध कसं चोरलं, धाकट्या जावयाचं काय चाललंय, असं एकेक सांगायला लागला. टाकीत ते घुमत होतं, अर्धं कळतही नव्हतं. मी खाली उतरलो, ब्रश घेतला आणि भिंत घासायला लागलो.